सगुणाबाईचा मिरधा

सगुणाबाईला उभ्या जन्मात दोनच गोष्टींचा अभिमान होता. एक म्हणजे कळपातलं प्रत्येक मेंढरू ती तोंडावरून ओळखायची. आणि दुसरी म्हणजे सुनेशी भांडताना तिला कधी शब्द शोधावा लागत नसे. पहिल्या गोष्टीनं तिला एका संध्याकाळी दगा दिला. दुसरीनं मात्र असं तारलं, की अजूनही त्या वस्तीवर सासू-सुनेचं भांडण लागलं तर पुरुष माणसं मध्ये पडत नाहीत. न जाणो, त्यात काही चांगलं चाललेलं असायचं.

मांडवगण फराट्याच्या बाहेर, कालव्याच्या अंगाला धनगरांची ती वस्ती होती. बहात्तरच्या दुष्काळापर्यंत ही माणसं घरात कमी आणि वाटेवर जास्त असायची. दिवाळी झाली की मेंढरं, घोडी, पोरंबाळं, कोंबड्या असा सगळा संसार घेऊन कोकणात उतरायची आणि पावसाच्या आधी वर यायची. सात-आठ घरं मिळून एक वाडा व्हायचा. वाडा म्हणजे चिरेबंदी वगैरे काही नव्हे. जिथं रात्री मेंढरं बसतील आणि तीन दगडांची चूल पेटेल, तो वाडा. दुष्काळात मेंढरं अर्धी मेली, अर्धी विकली गेली. उरलेली वीस-पंचवीस घेऊन सगुणाबाईचा थोरला मुलगा मल्हारी घरच्या जमिनीवर बसला. कालव्याचं पाणी आलं, ऊस झाला. धाकटा बिरू दौंडला रेल्वेत खलाशी म्हणून चिकटला. नवरा आधीच गेलेला. सगुणाबाईचे पाय थांबले, पण तोंड थांबलं नाही. दिवसभर माळावर वारा आणि कुत्री यांच्यावर ओरडून कमावलेला आवाज होता तो. आता चार भिंतींत त्याला एकटी बानूबाई सापडली.

बानूबाई म्हणजे मल्हारीची बायको. तिचाही आवाज माळावरचाच. सासू म्हणायची, कालवणात मीठ कमी. सून म्हणायची, जिभेची चव गेली. सासू म्हणायची, शेण नीट भरलं नाही. सून म्हणायची, मग तुम्ही दाखवा भरून. दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं आणि त्यात एकही दिवस खाडा नव्हता. मल्हारी बिचारा ऊस धरून बसे. उसाला पाणी द्यायला तो इतक्या वेळा जाई, की ऊस कसा कुजला नाही हेच नवल.

आता त्या संध्याकाळची गोष्ट. कालव्याच्या कडेला सगुणाबाईची मेंढरं आणि शेजारच्या सोजरबाईची मेंढरं एकत्र मिसळली. हे रोजचंच होतं. मेंढरांच्या कानाला खुणा असतात, प्रत्येक घराची चीर वेगळी. पण सगुणाबाई कानाकडे कधी बघत नसे. ती म्हणायची, "कान बगून मेंढरू वळकनारा धनगर म्हंजी कपाळावरचं कुकू बगून बायको वळकनारा नवरा." तिनं नेहमीसारखी तोंडं बघून मेंढरं निवडली आणि घरी आणली.

दिवस मावळताना आवारात एक कोकरू ओरडायला लागलं. आई म्हणून ज्या मेंढीजवळ जाई, ती लाथ मारायची. थोड्या वेळानं सगुणाबाई बाहेर आली तर बानूबाई एक मेंढरू दोरीला धरून, पदर डोक्यावर ओढून, गुपचूप कुंपणाबाहेर चाललेली.

"बाने! माझं मेंढरू कुठं चालवलंस?"

बानूबाईनं तोंडावर बोट ठेवलं. सगुणाबाईच्या समोर तोंडावर बोट ठेवणं म्हणजे विस्तवावर तेल. ती इतकी ओरडली की वस्ती गोळा झाली. सून घरची मेंढरं माहेरी पोचवते इथपर्यंत प्रकरण गेलं. तेवढ्यात सोजरबाई एक मेंढरू ओढत आली आणि म्हणाली, "सगुना, आगं हे तुजं. आन् बानीनं धरलंया ते माजं." तिनं मेंढराचा कान वर करून चीर दाखवली.

सगुणाबाईनं मेंढराच्या तोंडाकडे पाहिलं. मग कानाकडे. मग परत तोंडाकडे. ते तोंड तिला आपलंच वाटत होतं.

वस्ती हसून हसून लोळली. सगुणाबाईसुद्धा हसली, तिला हसता येत असे, हा तिचा मोठा गुण. "साठी बुद्धी नाठी," ती म्हणाली. कुणीतरी म्हणालं, "म्हातारी येड पांघरून पेडगावला निघाली!" त्यावर येसू आप्पा म्हणाला, "जाऊ द्या की, पेडगाव कुठं लांब हाय? नदीपल्याड तर हाय." पुन्हा हशा. पण भाकरी खाताना तिचं लक्ष ताटात नव्हतं. सून मेंढरू कुठं नेत होती, हा विचारही तिच्या मनात आला नाही. तिच्या डोळ्यांपुढे दुसरंच माणूस आलं होतं. तिचा सासरा, म्हस्कू आबा.

म्हस्कू आबा वाड्याचा मिरधा होता. मिरधा म्हणजे वाड्याचा कारभारी. दिवाळीच्या आधी सगळी घरं एकत्र बसायची, मध्ये भंडाऱ्याची वाटी ठेवायची आणि त्या सालाचा मिरधा नेमायची. मुक्काम कुठं, कुणाच्या रानात मेंढरं बसवायची, घाट कधी उतरायचा, सगळं त्यानं ठरवायचं आणि बाकीच्यांनी मुकाट ऐकायचं. अट एकच. मिरध्यानं आपल्या मनाचं ठरवायचं नाही, वाड्याच्या मनातलं ठरवायचं. म्हणून नेमताना हुशार कोण असं कुणी विचारत नसे. आपल्या मनातलं कुणाला कळतं, असं विचारत. आबाला ते कळायचं. तो किती तरी सालं मिरधा राहिला.

मग म्हातारपणी आबाचं भान गेलं. दिवाळी असो की नसो, काठी घेऊन तो कोकणाच्या वाटेला लागायचा. एकदा विहिरीच्या काठावर सापडला. त्याच्या लेकांनी, म्हणजे सगुणाबाईच्या नवऱ्यानं आणि दिरांनी, त्याच्या कमरेला दोर बांधून त्याला आवारातल्या निंबाला बांधलं. मारायला नाही, जपायला. लेकरं वाईट नव्हती. निंबाच्या सालीवर दोरानं घासून पडलेला वण अजून होता. आबा तिथं बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच विचारायचा: "पाव्हनं, ह्या वाड्याचा मिरधा कोन?" त्याला तक्रार करायची होती की नुसतं विचारायचं होतं, देव जाणे. लोक हसून पुढं जायचे. सगुणाबाई तेव्हा नवी सून, तिला सासऱ्यापुढं बोलायची चोरी. आबा विचारत राहिला आणि उत्तर न मिळताच गेला.

तिला मरणाचं भय नव्हतं. तिला त्या निंबाचं भय वाटलं.

दुसऱ्याच आठवड्यात तिनं शिरूरला जायचं काढलं. तिथल्या कोर्टात शंकरराव वकील होता. हा तळेगाव ढमढेऱ्याच्या भागुबाईचा मुलगा. पूर्वी वाडा तळेगावच्या रानात उतरायचा तेव्हा भागुबाई तिथं मजुरीला यायची. दोघींची गट्टी होती. सगुणाबाई तिला दूध द्यायची आणि भागुबाई लसणाची चटणी आणायची. त्या चटणीवर वाढलेला शंकर शिकला, त्यांच्या आळीतला पहिला वकील झाला. सगळं शिरूर त्याला शंकरराव म्हणे. सगुणाबाई शंकर म्हणे.

मल्हारीला उसाला पाणी द्यायचं होतं. म्हणून सोबत बानूबाई गेली. येष्टीत दोघी खिडकीच्या जागेवरून भांडल्या. शिरूरला उतरल्यावर सगुणाबाई ताडताड पुढं निघाली, ती नेमकी उलट्या आळीत. बानूबाई पिशवी घेऊन मागं होती. ती चुकलात असं म्हणाली नाही. मागूनच ओरडली, "आत्याबाई, त्या पल्याडच्या आळीत गूळ लई चांगला मिळतोय म्हनं!"

"आलीस कशाला, गूळ खायला?" असं म्हणत सगुणाबाई फिरली आणि त्या पल्याडच्या आळीतच वकिलाचं घर निघालं. सून खादाड आहे, एवढंच तिच्या ध्यानात राहिलं.

शंकररावांनी आधी चहा पाजला, मग सगळं ऐकून घेतलं.

"मावशी, ह्याला मुख्त्यारपत्र म्हनत्यात. माझ्या वतीनं अमक्यानं कारभार बगावा, असं तुमी लिहून द्यायचं."

"मग दे की लिहून."

"पर त्यात एक गोम हाय. लिहून देनारं मानूस शुद्धीवर हाय तवरच तो कागद जित्ता. बुद्धी गेली की कागद बी गेला."

सगुणाबाईनं जरा विचार केला. "म्हंजी छत्री हाय, पर पाऊस आला की आपुआप मिटती."

शंकरराव इतके हसले की काय झालं म्हणून आतून त्यांची बायको बघायला आली. "बराबर हाय, मावशी. पाऊस आला की मग कोर्टात अर्ज करायचा. कोर्ट पालक नेमतं."

"कोर्ट मला इचारून नेमनार?"

"तवा तुमाला काय इचारनार? तुमी शुद्धीवर नसनार."

"आन् आत्ता मी शुद्धीवर हाय, तर आत्ता कोर्ट इचारत न्हाई."

"न्हाई."

"लई शानं हाय तुजं कोर्ट."

शंकररावांनी कपबशी बाजूला सारली. आता ते वकिलासारखे नाही, भागुबाईच्या मुलासारखे बोलले. "मावशी, खरं सांगा. भ्या कशाचं हाय? जमिनीचं?"

"जमीन पोरांच्या नावावर कवाच झाली. मला निंबाला बांधू नये, एवडंच." आणि तिनं आबाची गोष्ट सांगितली. ती सांगताना तिचा आवाज प्रथमच खाली आला. कोपऱ्यात बसलेल्या बानूबाईनं मान वर केली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, निंबावरच्या त्या वणाबद्दल तिनं कधी विचारलं नव्हतं आणि सासूनं कधी सांगितलं नव्हतं.

"मग ह्याला कोर्ट कशाला?" शंकरराव म्हणाले. "जमिनीजुमल्याला कागद लागतो. पर तुमाला बांधायचं का न्हाई, काय खायाला घालायचं, कुठं निजवायचं, हे घरातच ठरतंया. तुमच्या वाड्यात असं कोन ठरवायचं?"

सगुणाबाईनं कपाळावर हात मारला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! येष्टीचं भाडं खर्चून ती जे विचारायला आली होती, ते तिच्या घरच्या भंडाऱ्याच्या वाटीत होतं.

"मिरधा!" ती म्हणाली. "मी माज्यावर मिरधा नेमते. मी शुद्धीवर असताना."

"नेमा. पर चार मानसांदेखत नेमा. कागद मरतो, साक्षीदार लवकर मरत न्हाईत. मी बी येतो."

"ये. मटान करते."

"मी करते," कोपऱ्यातून बानूबाई म्हणाली. "तुमी मीठ दोनदा घालता."

येताना येष्टीत खिडकीवरून भांडण झालं नाही, कारण मिठावरून झालं.

दसरा उलटला. पूर्वी मिरधा नेमायचे ते दिवस. एका दुपारी निंबाखाली घोंगडी अंथरली गेली. जुन्या वाड्यातली जेवढी माणसं उरली होती तेवढी आली. येसू आप्पा आला, तो वाड्याचा शेवटचा मिरधा. सोजरबाई आली, येताना म्हणाली, "माजी मेंढरं बांधून आलीया बरं का!" दौंडहून बिरू रजा घेऊन आला आणि आईला नायलॉनचं लुगडं घेऊन आला. शंकरराव आले, घोंगडीवर मांडी घालून बसले. चुलीवर मटण शिजत होतं, त्याचा वास बैठकीत असा फिरत होता की येसू आप्पाला दोनदा वाक्य मध्येच सोडावं लागलं.

मध्ये भंडाऱ्याची वाटी. सगुणाबाई उभी राहिली.

"माज्या डोस्क्याचा आता भरवसा न्हाई," ती म्हणाली. "सोजरीच्या मेंढरानं ते गावाला सांगितलंच हाय. तर ज्या दिशी मी मीच ऱ्हानार न्हाई, त्या दिशी माजं कोन ठरवनार, ते मी आज ठरवनार. मिरधा माज्या दोन लेकांपैकी येक. पर जुन्या रीतीनं. आदी सवाल."

सगळे सरसावले. मिरधा नेमताना सवाल घालायची रीत होतीच: घाटात पाऊस लागला, मेंढरं व्यायला आलीत, काय करशील? तसलेच.

"मल्हारी. उद्या मी काठी घेतली आन् म्हनाले, कोकनात चालले. तर काय करशील?"

मल्हारीच्या डोळ्यांत पाणीच आलं. "आई, मी तुला वाऱ्यावर सोडीन व्हय? दाराला भाईरून कडी घालीन. आत गादी घालीन, रेडू लावून दीन. तुज्या केसाला धक्का लागू द्यायचा न्हाई."

लोकांनी माना डोलवल्या. गुणाचा पोरगा. दोर गेला आणि कडी आली, एवढंच सगुणाबाईच्या मनात आलं. पोटचा गोळा, जीव लावणारा. त्याच्यावर रागावताही येईना.

"बिरू, तू?"

"मी दौंडला न्हेईन, आई. रेल्वेच्या डाक्टरला दाखवीन. त्यानं सांगितलं तर पुन्याला. इंजेक्शानं, गोळ्या, पैका किती बी लागू दे."

हाही गुणाचा. लोकांनी पुन्हा माना डोलवल्या. सगुणाबाईच्या मनात आलं, दोन लेकांना जन्म दिला, वाढवलं, आणि दोघांनाही आपली आई परक्या मेंढरासारखीच दिसावी ना! तिचं तोंड उतरलं. सवाल संपले होते. दोघांतल्या एकाच्या हातात भंडारा द्यायचा आणि मुकाट बसायचं, एवढंच उरलं होतं.

तेवढ्यात चुलीपुढून पळी आपटल्याचा आवाज आला.

"आवो, पर त्या कोकनात जातीलच कशाला?"

बैठक वळली. बानूबाई पदरानं घाम पुसत उभी होती आणि भांडायच्या पवित्र्यात होती.

"तू गप," मल्हारी म्हणाला.

"का गप? कोकनात आबा जायचे. ह्या न्हाईत जायच्या! कोकनाचं नाव काढलं तर ह्या नाक मुरडत्यात. भातानं प्वाट भरत न्हाई, घाम मरत न्हाई, जळवा चिकटत्यात, हे मी लगीन झाल्यापासून ऐकतीया. ह्या निघाल्या तर बाजाराला निघतील. त्यांना बाजारात फिरायला लई आवडतं, घ्यायचं काय बी नसतं. आन् कुनी चुकलात म्हनलं की ह्यांचं टाळकं सटकतं. मग मानूस मुद्दाम उलटं चालतं. त्यांना अडवायचं नसतंया. पिशवी घिऊन मागं मागं जायचं. आन् वळवायचं झालं तर तिकडं गूळ सस्ता हाय म्हनायचं."

सगुणाबाईच्या कानात काहीतरी वाजलं. शिरूरची आळी. गूळ.

"त्यात कडी कशाला घालायची?" बानूबाई नवऱ्यावर उखडली. "कडी घातली तर दार मोडतील. मी वळखते की त्यांना. दमल्या की आपुआप येत्यात घरी, आन् आल्या की जेवायला मागत्यात, आन् जेवताना मीठ कमी म्हनत्यात!"

"त्या दिशी मेंढरू..." सगुणाबाई म्हणाली. तिचा आवाज विचित्र झाला होता. "त्या दिशी ते मेंढरू तू कुठं न्हेत हुतीस?"

बानूबाई अडखळली. चोरी पकडल्यासारखं तिचं तोंड झालं. "सोजरमावशीकडं. कोकरू वरडाया लागलं तवाच मला उमगलं. म्हनलं, अंधार पडायच्या आत बदलून आनावं, कुनाला कळाया नगं. तर तुमी गाव गोळा केलं."

सोजरबाई मोठ्यानं हसली, पण कुणी तिला साथ दिली नाही. सगुणाबाई सुनेकडे बघत राहिली. जिला चोर म्हणून वस्तीपुढं उभी केली, ती सासूची अब्रू पदराखाली लपवून निघाली होती. आणि त्यानंतर तिनं एकदाही ते बोलून दाखवलं नव्हतं. भांडणात इतके शब्द वापरले, तो एक वापरला नाही. सगुणाबाईला लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग असा आनंद आला की तिला खाली बसावं लागलं.

"भंडारा हिला द्या," ती म्हणाली.

येसू आप्पानं मिशीवरून हात फिरवला. "सगुना, बाईमानूस मिरधा? आपल्यात रीत न्हाई."

"कळपाच्या म्होरं कोन चालतं, आप्पा? शेळी का बोकड?"

"...शेळी."

"मग?"

"आगं पर सून! लेकांना सोडून! आन् तिच्याशी तर तुजं रोज..."

"म्हनूनशान तर! माजी लेकरं माज्यावर माया करत्यात, ती काय ऐकत न्हाईत. हिला रोज माजं ऐकावं लागतं, त्याबिगर उलटं बोलता येत न्हाई. मिरध्याला काय पायजे? वाड्याच्या मनातलं कळाया पायजे. माज्या मनातलं हिच्याशिवाय कुनाला कळतं? सांगा."

मल्हारीनं आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि एकदम हसायला लागला. बिरूही हसला. शंकरराव म्हणाले, "मावशी, माझ्या कोर्टात एवढ्या लवकर निकाल लागत न्हाई." मग तर सगळी बैठकच हसली.

बानूबाईनं हात धुतले, पुसले आणि पुढं आली. पण वाटीला हात लावायच्या आधी थांबली. "माजी एक अट हाय. शुद्धीवर असेस्तवर माज्या कालवनाला नावं ठेवायची न्हाईत."

"मग ऱ्हाऊ दे. मी बिरूलाच नेमते."

"बरं, अट सोडली. पर तुमचं काय ते सांगा. समद्यांच्या देखत. मागनं मला कुनी म्हनाया नगं."

तेव्हा सगुणाबाईनं सांगितलं. बांधायचं नाही, कडी घालायची नाही. मी समोर बसले असताना माझ्याबद्दल दुसऱ्याशी बोलायचं नाही, कळत नसलं तरी माझ्याशीच बोलायचं. माझी घोंगडी धुवायची नाही. मेलेला नवरा अजून आला नाही असं मी म्हणाले, तर तो मेला असं प्रत्येक वेळी नव्यानं सांगायचं नाही. वाटेवर हाय म्हणायचं. "आन् मला कवा बी नायलान घालायचं न्हाई," ती बिरूकडे बघून म्हणाली. "रागावू नगंस लेका, पर त्यात मासळीसारखं वाटतंया." डॉक्टरला बिरूनं दाखवावं, पण सुई टोचायची की नाही हे बानूनं ठरवावं. शेत मल्हारीनं बघावं. असं करता करता तिनं लेकांनाही त्यांचं त्यांचं काम वाटून दिलं, म्हणजे कुणी रुसायला नको. शेवटी म्हणाली, "आन् मी इचारलं, मिरधा कोन, तर उत्तर द्यायचं. हसायचं न्हाई. उत्तर द्यायचं."

बानूबाईनं भंडारा उचलला. आवाजात नेहमीचा तोरा होता. "देवाशपत, देईन."

मग सगुणाबाईनं चिमूटभर भंडारा घेतला आणि निंबावरच्या त्या जुन्या वणात भरला. पिवळा वण दुपारच्या उन्हात झळकायला लागला. येसू आप्पानं टोपी काढली. सगळ्यांनी येळकोट केला आणि मटणावर बसले. मटण फार चांगलं झालं होतं. सगुणाबाईनं तीन वेळा वाढून घेतलं आणि मीठ कमी आहे म्हणाली.

त्या दिवसापासून तिला एक खेळच सापडला. सुनेला खिजवायला ती कधीही विचारायची, "ह्या वाड्याचा मिरधा कोन?" बानूबाई धुणं धूत असो, शेण काढत असो, ओरडून सांगायची, "मी हाय! काय पायजे?" मग सगुणाबाई म्हणायची, "काय न्हाई, नुसतं इचारलं." लहान पोरंही तो खेळ खेळायला लागली. मल्हारीला वैताग आला. बानूबाई सासूवर चिडे, दात-ओठ खाई, पण उत्तर चुकवत नसे. भंडारा उचलला होता ना.

होळी झाली. एका संध्याकाळी सगुणाबाई कालव्यावरून एकटीच परत आली. मेंढरं पुढं गेली होती. तिनं आवारात पाय टाकला आणि थांबली. समोर घर होतं, झाड होतं, झाडाच्या बुंध्यावर काहीतरी पिवळं होतं. पण ते कुणाचं घर, हे तिला आठवेना. आपण कुठून आलो, कुणाकडे आलो, काही कळेना. मेंढरांनी माना वर करून तिच्याकडे पाहिलं, त्यातलं एकही तोंड तिला ओळखीचं नव्हतं. ती भ्याली. पाय मागं वळायला लागले. आणि काय बोलावं हे सुचत नसताना तिच्या तोंडून आपोआप शब्द बाहेर पडले.

"ह्या वाड्याचा मिरधा कोन?"

"मी हाय!" चुलीपुढून आवाज आला. "हितंच हाय. पाय धुवा, भाकरी तव्यावर हाय."

तो आवाज तिच्या ओळखीचा होता. त्या आवाजाशी ती इतकी वर्षं भांडली होती की बाकी सगळं विसरलं तरी तो विसरणं शक्य नव्हतं. त्या आवाजाच्या मागून बानू आली, बानूच्या मागून मल्हारी, मग घर, मग निंब, मग एकेका मेंढराचं तोंड. सगळं हळूहळू आपापल्या जागी येऊन उभं राहिलं. सगुणाबाईनं मोठा श्वास घेतला.

आज खेळ नव्हता, हे तिनं सांगितलं नाही. बानूबाईनं विचारलं नाही. फक्त रांजणातून पाण्याचा तांब्या भरून स्वतः बाहेर घेऊन आली, जे ती एरवी कधी करत नसे, आणि सासूच्या पायांवर ओतला. सगुणाबाई आत जाऊन पाटावर बसली. पहिला घास घेतला.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली.

"बराबर हाय," बानूबाई म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी तिच्या ताटात वाढली.